कन्कशननंतर राजीनामा द्यावा का? (उत्तर जरा लांबलंय)

तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि आज सकाळी उठल्यावर पुन्हा वाचली. जिन्यात पाय घसरला, डोकं आपटलं, कन्कशन झालं (म्हणजे डोक्याला मार लागून मेंदूला बसलेला हादरा), स्कॅन नॉर्मल आला, दहाव्या दिवशी कामावर गेलात. आता पाच महिने झाले तरी दुपारनंतर डोकं चालत नाही. बायको म्हणते, तुम्ही पूर्वीचे राहिला नाहीत. साहेब म्हणतात, कामात लक्ष नाही. आणि शेवटची ओळ, "राजीनामा देऊन मोकळा होऊ का?" सहा वर्षांपूर्वी मी रोज रात्री नवऱ्याला हाच प्रश्न विचारत होते. म्हणून आधी उत्तर सांगते आणि मग बाकीचं: आत्ता देऊ नका.

मी डॉक्टर नाही, वकील नाही. विम्याचे आणि रजेचे नियम जिथे तिथे वेगळे असतात, त्यामुळे माझं तंतोतंत तुम्हाला लागू होईलच असं नाही. डोकेदुखी वाढत जाणं, उलट्या, हातापायातली शक्ती जाणं, बोलणं अडखळणं यातलं काही असेल तर इथे वाचत बसू नका, थेट रुग्णालय गाठा. हे तुम्हाला ठाऊक असणार, म्हणून पुढे जाते.

माझं डोकं कपाटाच्या उघड्या दाराच्या कोपऱ्याला लागलं. खाली वाकून फाइल काढली आणि झटकन उभी राहिले, एवढंच. रक्त नाही, शुद्धही गेली नाही. सगळे म्हणाले, मुका मार आहे, जाईल. मी हिशेब तपासणीचं काम करायचे. नवव्या दिवशी ऑफिसला गेले तेव्हा एक छापील कागद पुढे आला: "मी पूर्णपणे बरी असून नेहमीचं सर्व काम करण्यास सक्षम आहे." मी उभ्या उभ्या सही केली. मला बरं वाटत नव्हतं. पण स्कॅन नॉर्मल होता, डॉक्टरांनी "किरकोळ" असं लिहिलं होतं आणि टेबलावर महिनाअखेरचं काम साचलं होतं. एवढ्याशा मारासाठी रजा वाढवायची मला लाज वाटली.

माझ्या सगळ्या नुकसानीत सर्वांत महाग पडली ती ही सही. आणि तिच्याहून वाईट म्हणजे त्यानंतरचे चार महिने मी एकाही डॉक्टरकडे गेले नाही. आज बरं वाटेल, उद्या वाटेल, असं म्हणत राहिले. त्या चार महिन्यांत बेरजा तीन तीनदा करायचे. 68 चे 86 व्हायचे. जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या स्वच्छतागृहात दिवा बंद करून, झाकण लावून वीस मिनिटं बसायचे आणि तोंडावर पाणी मारून परत जागेवर यायचे. यातल्या एकाही दिवसाची कुठे नोंद नाही.

सातव्या महिन्यात काम निम्म्यावर आलं, पगारही निम्मा झाला. मग उत्पन्न बुडाल्याच्या भरपाईसाठी एका विमा कार्यालयात दावा केला. त्या कार्यालयाचं नाव इथे लिहीत नाही, कारण मला भांडण उकरायचं नाही. पण तिथली ती खोली मी विसरलेले नाही. डोक्यावर लुकलुकणारी ट्यूब, एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर, आणि प्रत्येक ठिकाणी पहिल्यापासून सगळी हकिकत सांगायची. चौथ्या खेपेला तिथल्या गृहस्थांनी फाइल चाळली, माझ्या सहीच्या कागदावर बोट ठेवलं आणि विचारलं, "मॅडम, ही सही तुमचीच ना?" मी हो म्हटलं. मग त्यांनी स्कॅनचा रिपोर्ट काढला. "आणि हा नॉर्मल. मग मधले चार महिने तुम्ही कुठे होता?" माझ्याकडे उत्तर होतं, पण शब्दच सापडेनात. थकवा वाढला की आजही माझं तसंच होतं. त्यांनी ते गप्प बसणंही बहुतेक त्यांच्या हिशेबात धरलं. दावा फेटाळला गेला. नोंद नाही म्हणजे त्रास नाही, इतकं सरळ गणित असतं त्यांचं. मला अजून राग येतो. तो लिहिता लिहिता उतरेल असं वाटलं होतं, पण नाही उतरला.

त्या माणसाला मला तेव्हा जे सांगता आलं नाही ते तुम्ही पाठ करून ठेवा. सीटी स्कॅन मुख्यतः रक्तस्राव आणि हाडाचं फ्रॅक्चर शोधण्यासाठी असतो. कन्कशनमध्ये बिघडतं ते मेंदूच्या पेशींचं काम, आणि ते त्या चित्रात सहसा उमटत नाही. म्हणजे स्कॅन नॉर्मल येणं ही चांगली बातमी आहे, पण त्रास नसल्याचा तो पुरावा नाही. तसंच "किरकोळ" या शब्दाचं. तो शब्द मार लागल्यानंतरच्या पहिल्या काही तासांच्या अवस्थेवरून लावतात: ग्लासगो कोमा स्केलवर (माणूस किती शुद्धीवर आहे हे मोजायची पट्टी) 15 पैकी 13 ते 15 गुण, शुद्ध गेलीच तर अर्ध्या तासाच्या आत परत येणं, वगैरे. पुढे तुमच्या नोकरीचं आणि घराचं काय होईल याबद्दल तो शब्द काहीच सांगत नाही.

बहुतेक लोक काही आठवड्यांत, फार तर तीनेक महिन्यांत बरे होतात हे खरंच आहे. पण उरलेले थोडेथोडके नाहीत. अमेरिकेतल्या ट्रॅक-टीबीआय या मोठ्या अभ्यासाचे 2019 मध्ये आलेले आकडे बघा: डोक्याला किरकोळ मार लागून मोठ्या ट्रॉमा सेंटरमध्ये (गंभीर दुखापतींवर उपचार करणाऱ्या रुग्णालयात) आलेल्यांपैकी 53 टक्के लोकांना वर्षभरानंतरही रोजच्या जगण्यात अडचणी होत्या. डोकं सोडून हातपाय वगैरे दुखावून आलेल्यांमध्ये हे प्रमाण 38 टक्के होतं. (मोठ्या केंद्रात पोचलेल्या लोकांचे हे आकडे आहेत, सरसकट सगळ्यांना लावू नका.) डेन्मार्कमध्ये सरकारी नोंदींवरून 5 वर्षं मागोवा घेतला तेव्हाही कन्कशन झालेल्यांचं नेहमीच्या नोकरीतून बाहेर पडणं इतरांपेक्षा जास्त दिसलं. तेव्हा तुम्ही आळशी झालेला नाहीत आणि नाटकही करत नाही आहात.

आता काय करायचं? आजच एक वही घ्या. पण त्यात "डोकं दुखलं", "थकवा आला" असं लिहू नका, मी ते करून पाहिलंय, कोणी वाचत नाही. तीन रकाने आखा. काय करत होता, किती मिनिटांनी थांबावं लागलं, सावरायला किती वेळ गेला. "40 मिनिटं आकडे तपासले, ओळी सरकायला लागल्या, 2 तास पडून राहिले" हे वाक्य डॉक्टरला कळतं, साहेबाला कळतं आणि विमावाल्यालाही नाकारायला जड जातं. मेंदूच्या त्रासाचं भाषांतर कामाच्या तासांत केल्याशिवाय कोणतंही कार्यालय ऐकत नाही, हे माझं ठाम मत आहे. मग ती वही घेऊन डॉक्टरकडे जा आणि त्यांच्या कागदावर तारखेनिशी नोंद करून घ्या. न्यूरोसायकॉलॉजिस्टकडून (मेंदूच्या त्रासाचा विचारशक्तीवर होणारा परिणाम तपासणाऱ्या मानसतज्ज्ञाकडून) लक्ष, स्मरण आणि वेग यांची चाचणी होत असेल तर जरूर करा. माझी पंधराव्या महिन्यात झाली. पाचव्यात झाली असती तर कदाचित हे उत्तर इतकं लांबलं नसतं.

चक्कर येते असं तुम्ही ओझरतं लिहिलंय, त्याकडे दुर्लक्ष करू नका. आतल्या कानाचा तोल, दोन्ही डोळे जवळच्या अक्षरावर एकत्र न येणं, मानेचे स्नायू, या तिन्हींवर वेगवेगळे व्यायाम असतात आणि त्यांचा उपयोग होतो. मी दोन वर्षं डोकेदुखीच्या गोळ्या घेतल्या आणि दुखणं निम्मं मानेतून येत होतं. जखम मांडीला आणि मलम शेंडीला! अंधाऱ्या खोलीत आठवडेच्या आठवडे पडून राहण्याचा सल्ला कोणी दिला तर तो जुना झालाय. खेळाडूंच्या कन्कशनबद्दल 2022 मध्ये ॲमस्टरडॅमला तज्ज्ञांची जी परिषद झाली, तिनेही पहिले 24 ते 48 तास बेताची विश्रांती आणि मग हलकं चालणं, हळूहळू वाढवणं असंच सांगितलंय. "मेंदूची ताकद वाढवणाऱ्या" महागड्या गोळ्यांवर पैसे घालू नका. मी घातले होते.

घरातलं लिहायला मला जास्त जड जातं. माझा मुलगा तेव्हा आठ वर्षांचा होता. एकदा सिंकमध्ये चमचा पडला आणि मी इतक्या जोरात ओरडले की तो कितीतरी वेळ तसाच उभा राहिला. नंतर काही दिवसांनी तो वडिलांच्या कानात सांगताना ऐकलं, "आईला आज नको विचारू." आवाज सहन होत नाही म्हणून मैत्रिणींना दोनदा, तीनदा नाही म्हटलं, मग त्यांनी विचारणंच थांबवलं. हातात प्लास्टर असतं तर त्या भेटायला आल्या असत्या. नवऱ्याने संध्याकाळचं जादा काम सोडलं, कारण मुलाचा अभ्यास आणि स्वयंपाक दोन्ही माझ्याच्याने होईना. म्हणजे उत्पन्न एकाचं नाही, दोघांचं घटलं. भरपाईच्या कुठल्याच अर्जात त्याच्या त्या तासांसाठी रकाना नव्हता. तुमच्या वहीत बायकोचे गेलेले तासही लिहा. मिळेल काही असं नाही म्हणत मी, पण लिहा.

आणि एक. कॅनडातल्या ओंटारिओमध्ये झालेल्या 2016 च्या एका मोठ्या अभ्यासात कन्कशननंतर कित्येक वर्षांनीही आत्महत्येचं प्रमाण सर्वसाधारण लोकांच्या सुमारे तिप्पट आढळलं. घाबरवायला सांगत नाही. एकूण संख्या लहानच असते. पण "मी सगळ्यांना ओझं झालोय" असं तुमच्या पोस्टमध्ये दोनदा आलंय. ते डॉक्टरला याच शब्दांत सांगा, सौम्य करून नको.

राजीनाम्याचं म्हणाल तर, तो दिलात की तुम्ही आपण होऊन गेलात अशी नोंद होते आणि मग सवलत मागायला जागाच उरत नाही. त्याआधी लेखी मागणी करा: सकाळचे चार तास, शांत जागा, दर तासाला दहा मिनिटं थांबण्याची मुभा, आणि दर दोन आठवड्यांनी थोडी वाढ. संयुक्त राष्ट्रांच्या 2006 च्या अपंग हक्क करारात कामाच्या ठिकाणी वाजवी सोयी देण्याची तरतूद आहे आणि बहुतेक देशांनी तो स्वीकारलाय. तुमचा त्रास तुमच्याकडच्या व्याख्येत बसतो का, हे मात्र तिथल्या जाणकारालाच विचारा. "पूर्ण सक्षम" असं छापलेला कागद पुढे आला तर तो घरी घेऊन या. सही करावीच लागली तर "डॉक्टरांच्या सल्ल्यानुसार मर्यादित काम" असं स्वतःच्या हाताने त्यावर लिहा आणि फोटो काढून ठेवा.

डॉक्टरकडे जाताना बायकोला बरोबर न्या आणि आधी तिला बोलू द्या. माझा नवरा पहिल्यांदा आत आला तेव्हा डॉक्टरांनी त्याला विचारलं, "घरी काय बदललं?" तो दहा मिनिटं बोलत होता. त्यातलं निम्मं मला माहीतच नव्हतं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा ते सगळं कागदावर उतरलं.

पोस्टमध्ये पडल्याची नेमकी तारीख नाही. ती आठवत असेल तर वहीच्या पहिल्या पानावर लिहा, आणि जिन्यात तेव्हा कोण होतं तेही. भेटीची वेळ मिळाली की इथे कळवा, डॉक्टरला द्यायचा एक पानी गोषवारा कसा लिहायचा ते मी सांगते.