स्नॅपशॉट पुसले तरी जागा सुटंना?

घाबरायलास कशाला, लेका? लातूरच्या तुझ्या क्लासच्या सर्व्हरवर स्नॅपशॉट (म्हणजे त्या त्या वेळच्या फाइलींचं गोठवलेलं चित्र) पुसूनही जागा सुटंना झालीय, ते झेडएफएस या फाइलसिस्टिमवर (डिस्कवर फाइली साठवायच्या पद्धतीवर) नेहमीचंच आहे.

समज, लेक्चरच्या व्हिडिओंचं ४० जीबीचं फोल्डर तू काढून टाकलंस, पण ते तीन स्नॅपशॉटमध्ये आहे. आता स्नॅपशॉटच्या यादीतला 'यूज्ड' रकाना बघ, तिघांपुढे जवळजवळ शून्य! कारण तिथं फक्त त्या एकट्या स्नॅपशॉटची जागा मोजतात. भावाभावांतली सामाईक विहीर जशी एकट्याच्या नावावर दिसत नाही, तसंच. दोन स्नॅपशॉट उडवलेस तरी जागा सुटणार नाही, फक्त उरलेल्या तिसऱ्यापुढे अचानक ४० जीबी दिसतील. म्हणून त्या रकान्याची बेरीज मारत बसू नकोस.

एकूण आकडा हवा तर 'झेडएफएस लिस्ट' या कमांडला 'ओ स्पेस' (-o space) लाव आणि 'यूज्डस्नॅप' वाच. सगळे स्नॅपशॉट गेले तर तेवढी जागा सुटते. काही मोजकेच काढायचे असतील तर 'झेडएफएस डिस्ट्रॉय'ला एन आणि व्ही (-n, -v) हे दोन्ही पर्याय देऊन, पहिल्या आणि शेवटच्या स्नॅपशॉटच्या नावांमध्ये टक्क्याचं चिन्ह (%) टाक. काहीही न पुसता किती जागा मिळेल ते सांगतं. एन विसरलास तर मात्र खरंच पुसतं, एंटर दाबायच्या आधी ओळ परत वाच.

बीटीआरएफएस या दुसऱ्या फाइलसिस्टिमवर असशील तर साध्या 'डीयू'चं (जागा मोजायच्या कमांडचं) ऐकू नकोस, ते सामाईक डेटा प्रत्येक स्नॅपशॉटमध्ये नव्यानं मोजतं. बीटीआरएफएसचंच 'फाइलसिस्टिम डीयू' चालव, त्यात 'एक्सक्लुझिव्ह', म्हणजे सामाईक नसलेली जागा, वेगळं दिसतं. कोटा (जागेचा हिशेब ठेवायची सोय) चालू करूनही आकडे मिळतात, पण ढीगभर स्नॅपशॉट असतील तर मशीन रेंगाळतं.