लाल जेलपेननं लिहिलेले संदर्भ

“मॅडम, रेफरन्सेस चुकले तर चोरी धरतात का हो?”

सांगलीच्या विश्रामबागेतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न घेऊन वर्षाला चार-पाच जण तरी येतात. कुणी मिरजेत मेडिकलचं पीजी करत असतं, कुणी शिवाजी विद्यापीठात पीएचडीला नाव नोंदवलेलं असतं. कंस, स्वल्पविराम आणि तिरप्या टाइपाच्या धास्तीनं माणूस समुपदेशकाकडं येतो याचं बाहेरच्यांना नवल वाटतं. मला वाटत नाही. मी मानसशास्त्राची, आणि संदर्भ लिहिण्याच्या ज्या एपीए (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन) पद्धतीपायी ही मंडळी रात्र-रात्र जागतात ती आमच्याच शास्त्रातून निघाली. 1929 मध्ये ‘सायकॉलॉजिकल बुलेटिन’मध्ये सात पानांचा एक लेख आला. लेख वाचायला सोपे व्हावेत म्हणून लिहिण्याची एकसारखी रीत त्यात ठरवून दिली होती. आज तिची सातवी आवृत्ती चालू आहे. वाचणाऱ्याची सोय व्हावी म्हणून काढलेल्या रीतीनं लिहिणाऱ्याच्या छातीत धडकी भरते, याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणूनच ही गोष्ट सांगते आहे. त्या बाईंची परवानगी घेतली आहे. गाव, विषय, घरचे तपशील बदलले आहेत.

त्या तासगावकडच्या, असं समजू. ज्युनिअर कॉलेजात शिकवतात, वय चाळीसच्या आत, घरी सासूबाई आणि एक शाळकरी मुलगी. पीएचडी सांगलीच्या हळद बाजारावर. प्रबंध जवळजवळ लिहून झालेला. गाईडनी कच्चा मसुदा परत पाठवताना पहिल्याच पानावर लिहिलं होतं, ‘संदर्भ एकसारखे नाहीत, सगळे पुन्हा पाहा.’ तेव्हापासून सहा आठवडे त्या रात्री दोन-अडीचपर्यंत संदर्भसूचीच लावत बसल्या होत्या. एक चूक काढली की दुसरी दिसे. जेवण तुटलं होतं. मुलगी काही विचारायला आली की अंगावर ओरडत, आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडत. जिवाचं काही बरंवाईट करावं असं मनात येतं का, हे मी अशा वेळी आडपडदा न ठेवता विचारते. त्यांनाही विचारलं. “तसलं नाही हो, पण सकाळी उठूच नये असं वाटतं,” म्हणाल्या. रात्री-बेरात्री फार जड वाटलं तर 14416 या टेली-मानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, नंबरवर फोन करा, असं सांगून तो कागदावर लिहून दिला आणि मग प्रबंधाकडे वळलो.

त्यांनी पिशवीतून स्पायरल केलेला गठ्ठा काढला. आधी त्यांच्या तोंडून भीती ऐकायची होती. “सिमिलॅरिटी, म्हणजे दुसऱ्यांच्या मजकुराशी साम्य, सतरा टक्के आलीय ताई. रजिस्ट्रेशन गेलं म्हणजे?”

इथं मात्र नुसता धीर देऊन भागत नाही, माहिती द्यावी लागते. वाङ्मयचौर्याबाबतचे यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) नियम 2018 चे आहेत. दहा टक्क्यांपर्यंत साम्य आलं तर दंड नाही. दहा ते चाळीसमध्ये आलं तर दुरुस्त करून पुन्हा द्यायचं, त्यासाठी जास्तीत जास्त सहा महिने मिळतात. चाळीस ते साठमध्ये असेल तर वर्षभर सुधारित प्रत देता येत नाही. नोंदणी रद्द होते ती साठच्या पुढं गेल्यावर. शिवाय श्रेय देऊन अवतरणात घेतलेला मजकूर, संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश हे या मोजणीतून वगळायचं असतं. त्यांनी बाजारातल्या कुठल्याशा दुकानात पैसे भरून रिपोर्ट काढला होता आणि त्यात संदर्भसूचीसकट सगळंच मोजलं गेलं होतं. ग्रंथपालांकडून रीतसर काढून घ्या म्हटलं. पुढच्या वेळी आल्या तेव्हा आकडा आठ होता.

आठ आला तरी झोप आली नव्हती. तेव्हा मला कळलं की भीतीचं ठाणं दुसरीकडं आहे.

मी म्हटलं, “आपण तुमची सूची वाचू. प्रत्येक नोंदीवर बोट ठेवा. जिथं छातीत धडधडेल तिथं फक्त थांबा, काही सांगू नका.” पहिल्या दोन पानांवर बोट भराभर सरकलं. तिथं बारीकसारीक चुका ढिगानं होत्या. जुन्या सवयीनं कुठं प्रकाशनाचं ठिकाण दिलेलं, जे सातव्या आवृत्तीत देत नाहीत. तीन लेखक असले तर पहिल्याच उल्लेखापासून ‘व इतर’ चालतं, यांनी तिघांची नावं पुन्हा पुन्हा लिहिलेली. काही तळटीपांत ‘तत्रैव’ आणि ‘उ. नि.’ अशा आधीच्या नोंदीकडं बोट दाखवणाऱ्या जुन्या खुणा, तर मजकुरात कंसातली वर्षं, म्हणजे दोन पद्धतींची सरमिसळ. गाईडनी ‘एकसारखे नाहीत’ म्हटलं ते याला. दोन दिवसांचं काम, आणि त्याला चोरी कुणीही म्हणत नाही.

मधे दोन चुका अशा निघाल्या की मीही थबकले. एका जुन्या मराठी पुस्तकाचं साल 1853 दिलं होतं. पुस्तक मागवून पाहिलं तर मुखपृष्ठाच्या आत ‘शके 1853’. शकात 78 मिळवायचे, म्हणजे 1931. दुसरी नोंद जनगणनेची: ‘महाराष्ट्र शासन, 1951, सांगली जिल्हा’. महाराष्ट्र राज्य झालं 1960 मध्ये. आणि 1951 मध्ये सांगली जिल्हा या नावाचा जिल्हाही नव्हता, 1949 मध्ये झालेला तो ‘दक्षिण सातारा’, त्याला सांगली हे नाव 1960 मध्ये मिळालं. आता या नोंदीवरून एखादा पोरगा ग्रंथालयात शोधायला गेला तर त्याला काय सापडणार? मला विचाराल तर स्वल्पविरामापेक्षा या चुका कितीतरी मोठ्या, कारण इथं वाचणारा वाट चुकतो. पण त्यांचं बोट याही नोंदींवर थांबलं नाही.

बोट थांबलं चौथ्या प्रकरणाच्या संदर्भांवर. मग पुढच्या ओळीवर. मग आणखी एका. ओठ कोरडे पडलेले. मी पाणी पुढं केलं.

बऱ्याच वेळानं त्यांनी पिशवीतून एक वही काढली. लांब, दोनशे पानी, कडा फुगलेल्या. पानं एकमेकांना चिकटून सुटलेली, म्हणून सुरकुतलेली, आणि उघडल्याबरोबर कुबट वास. एमफिलच्या वेळची वही. 2019 च्या ऑगस्टमध्ये महापूर आला तेव्हा त्या सांगलीत तळमजल्यावर भाड्यानं राहत होत्या. वही दोन दिवस पाण्यात होती. टापटीप म्हणून त्यांनी तेव्हा एक पद्धत ठेवली होती: मजकूर निळ्या बॉलपेननं, आणि समासात पुस्तकाचं नाव, पान, साल लाल जेलपेननं. मी वही खिडकीपाशी नेऊन पाहिली. निळी अक्षरं जशीच्या तशी, स्वच्छ. हरिपूरच्या पेवांबद्दलचा एक आख्खा परिच्छेद वाचता येत होता. हळद जमिनीखालच्या या कोठारांत साठवत, ती रचना कशी, तोंड कसं लिंपत, सगळं. समासात मात्र गुलाबी डाग. एका ठिकाणी ‘पृ.’ एवढंच उरलं होतं.

“अकरा ठिकाणी पानाचे नंबर मी अंदाजानं टाकलेत ताई,” त्या म्हणाल्या. “कुणाला कळणार नाही म्हणून. खरंच कुणाला कळणार नाही. पण मला रोज रात्री ते अकरा आकडे दिसतात.”

सहा आठवडे त्या स्वल्पविराम का लावत बसल्या होत्या ते इथं उलगडलं. जे काम हाताला येत होतं ते पुन्हा पुन्हा करून, ज्याला हात लावायचं धाडस होत नव्हतं त्यापासून त्या लांब राहत होत्या. असं पुष्कळ जण करतात. घरात आजारपण असताना बाई दिवसभर भांडी घासत बसते, त्यातलाच हा प्रकार. आणि कुठल्याही सॉफ्टवेअरला खोटा पृष्ठक्रमांक पकडता येत नाही, म्हणून आठ टक्क्यांच्या रिपोर्टनं त्यांना काडीचाही आधार दिला नव्हता.

मी त्यांना ‘एवढं काय त्यात’ म्हटलं नाही. चूक होतीच. अंदाजाचा आकडा छापला की पुढचा माणूस तो उचलतो, त्याच्यावरून तिसरा. हे मी त्यांना सरळ सांगितलं, आणि हेही सांगितलं की प्रबंध अजून जमा झालेला नाही, म्हणजे ही चूक आज तुमच्या हातात आहे. त्या पहिल्यांदा मोकळ्या रडल्या.

पुढच्या बैठकीला अकरा चिठ्ठ्या केल्या. एकेक वाचत गेलो. सहा ठिकाणी त्यांनी लेखकाचं म्हणणं स्वतःच्या शब्दांत मांडलं होतं आणि पुस्तक कोणतं ते नक्की माहीत होतं. एपीएमध्ये शब्दशः अवतरणाला पृष्ठक्रमांक लागतोच, पण आशय आपल्या शब्दांत दिला असेल तर तो सक्तीचा नाही, लेखक आणि वर्ष पुरतं. म्हणजे पुस्तक पुन्हा हातात घेऊन आशय पडताळायचा आणि अंदाजाचा आकडा पुसून टाकायचा. हे ऐकल्यावर त्या माझ्याकडं बघतच राहिल्या. इतकी वर्षं कुणी सांगितलं नव्हतं. आता पीएचडीच्या कोर्सवर्कमध्ये संशोधन नीतीचा दोन क्रेडिटचा विषय आहे, पण टिपण कसं काढायचं, उतरवतानाच समोरच्या पानाचा आकडा कसा टाकायचा, एवढी साधी गोष्ट हाताला धरून शिकवणारं कुणी लागतं. आपल्याकडं संदर्भसूची हे प्रबंध संपल्यावरचं काम समजतात, आणि मला ते साफ चुकीचं वाटतं.

उरली पाच शब्दशः अवतरणं. त्यासाठी गाईडना सांगून वेळ मागायचा होता, आणि तो फोन करायलाच त्या तयार नव्हत्या. “सर म्हणतील, सात वर्षं काय केलंस?” मी सर झाले आणि आम्ही तो फोन खोलीत तीनदा करून पाहिला. पहिल्या दोन वेळा त्यांनी पुरापासून सुरुवात केली, वहीची कहाणी, मुलीचं आजारपण. तिसऱ्या वेळी एवढंच बोलल्या: “सर, चौथ्या प्रकरणातल्या पाच अवतरणांचे पृष्ठक्रमांक माझ्याकडं खात्रीचे नाहीत. मी मूळ ग्रंथ बघून घेते. पंधरा दिवस द्या.” खरा फोन त्यांनी माझ्या जिन्यात उभं राहून केला. सर आधी चिडले, मग गप्प झाले, मग म्हणाले, “बघून घे. नाही सापडलं तर काढ.”

दोन अवतरणं कॉलेजच्या ग्रंथालयात सापडली, एक शेवटून तिसऱ्या ओळीत, अंदाजाच्या आकड्यापासून चाळीस पानं लांब. तिसरं 1885 च्या सातारा गॅझेटिअरचं, म्हणजे इंग्रज सरकारनं काढलेल्या जिल्ह्याच्या माहितीग्रंथातलं. त्या काळी तासगाव, वाळवा हे तालुके सातारा जिल्ह्यातच होते, म्हणून हळदीचा शोध घेताना तो खंड बघावा लागतो. यांनी बघितला नव्हता. अवतरण घेतलं होतं दुसऱ्याच एका प्रबंधातून आणि नोंद केली होती थेट गॅझेटिअरची. असं असेल तर जे आपण वाचलं तेच सूचीत द्यायचं, आणि मजकुरात ‘मध्ये उद्धृत’ म्हणायचं. त्यांनी त्यापेक्षा चांगलं केलं. मूळ खंडाची स्कॅन प्रत इंटरनेटवर शोधून तीन रात्री वाचली. त्या प्रबंधात मूळ वाक्याचा मधला तुकडा गळला होता. मला रात्री साडेदहाला फोन आला. आवाजात उत्साह होता. गेल्या दोन महिन्यांत तो मी पहिल्यांदाच ऐकत होते. “ताई, त्या माणसानं अर्धंच घेतलंय, आणि त्यामुळं अर्थच फिरलाय. मी आता पूर्ण देते.”

चौथं आणि पाचवं अवतरण सापडलं नाही. निळ्या बॉलपेनातली ती दोन वाक्यं फार सुंदर होती, त्यांनी मला मोठ्यानं वाचून दाखवली. कुणाची, ते वहीला माहीत होतं आणि पाण्याला. त्यांनी ती दोन्ही काढली, त्यांच्यावर बेतलेला युक्तिवादही काढला. चौथं प्रकरण अर्ध्या पानानं लहान झालं. मग सूचीतले स्वल्पविराम एका रविवारी दुपारी, मुलीला शेजारी बसवून, तिनं वाचायचं आणि यांनी दुरुस्त करायचं, असे संध्याकाळपर्यंत लावून टाकले.