पोस्टर नंतर, आधी रात्री दोनचं मीटर वाचा

तुझा प्रश्न वाचला. विद्यापीठात पंधरा जणांचा पर्यावरण गट केला, दोनदा झाडं लावली, प्लास्टिकबंदीची पोस्टरं चिकटवली, सुरुवातीला खूप उत्साह होता, आता मीटिंगला चार जण येतात, प्रशासन 'बघू' म्हणतं आणि पुढे काय हाती घ्यावं ते कळत नाहीये. मी अकरा वर्षं एका विद्यापीठाच्या देखभाल विभागात वीज-पाण्याचंच काम केलंय, त्याआधी विद्यार्थी असताना तुझ्यासारखाच गट चालवलाय आणि तो बंद पडतानाही पाहिलाय, त्यामुळे जरा लांब लिहितोय, सवडीने वाच.

पहिलं काम एकच. पुढची मीटिंग घेण्याआधी इलेक्ट्रिकल विभागात जा, तिथल्या जुन्या इलेक्ट्रिशियनशी ओळख करून घे, आणि परवानगी काढून सुट्टीच्या एखाद्या रात्री दोन वाजता त्यांच्याबरोबर इमारतींची मीटरं वाचायला जा. रात्री दोनला वर्ग बंद, ऑफिसं बंद, लायब्ररी बहुतेक बंद. तरीही मीटर जो लोड, म्हणजे त्या क्षणी ओढली जाणारी वीज, दाखवतं तो कोण वापरतंय हे शोधायचं, खरं काम तिथे असतं. तोच लोड वर्षाचे सगळे तास चालू असतो ना, 8760 तास. दिवसा कुणी पंखा चालू ठेवून गेलं त्याच्यावर आपण पोस्टर लावतो, पण रात्रभर कुणालाच न दिसणारी जी वीज जाते तिच्याकडे कुणाचं लक्षच नसतं.

मी पहिल्यांदा असा फिरलो तेव्हा एका लेक्चर इमारतीचा रात्रीचा लोड दिवसाच्या जवळपास निम्मा निघाला. आत काळोख, माणूस नाही. जिन्यात उभं राहिलं तर वरून घरघर ऐकू येत होती. गच्चीवरच्या खोलीत गेलो तर हवा खेळवणारा मोठा ब्लोअर पूर्ण ताकदीने चालू. पॅनेलवर ऑटो आणि मॅन्युअल असा फिरवायचा स्विच होता, तो मॅन्युअलवर, आणि त्याच्या खाली पिवळी पडलेली चिकटपट्टी, त्यावर पेनाने लिहिलेलं, 'बंद करू नये'. कुणी लिहिलं, कधी लिहिलं, कुणालाच माहीत नाही. चौकशी केली तर कळलं की कधीतरी परीक्षा रात्री उशिरापर्यंत चालल्या होत्या तेव्हा टायमर बाजूला ठेवला आणि परत ऑटोवर करायचं राहून गेलं. चिकटपट्टी वाचून पुढे कुणी हात लावला नाही. एक स्विच फिरवला आणि त्या इमारतीचं बिल त्या महिन्यापासून खाली आलं. त्यासाठी पैसा लागला नाही की समिती लागली नाही. अशा चिकटपट्ट्या तुमच्याकडेही असणार, शोधा. फक्त स्विचला स्वतः हात लावू नका, ते इलेक्ट्रिशियनच करणार आणि त्यांच्या साहेबांना विचारूनच करणार.

आता प्रयोगशाळा. तुमच्याकडे रसायनशास्त्र किंवा जीवशास्त्राच्या मोठ्या लॅब असतील तर बाकी सगळं बाजूला ठेवून तिथे जा, कारण क्षेत्रफळ थोडं आणि वीज प्रचंड असं तिथे असतं. फ्यूम हूड माहीत असेल, काचेचा वरखाली सरकणारा दरवाजा असलेलं कपाट, आतली विषारी वाफ ओढून गच्चीवरून बाहेर टाकतं. वाफेबरोबर खोलीतली हवाही बाहेर जाते, म्हणजे आपण पैसे खर्चून थंड किंवा गरम केलेली हवा चोवीस तास बाहेर फेकली जाते आणि तेवढीच नवीन हवा पुन्हा थंड किंवा गरम करावी लागते. एक हूड साधारण तीन घरांइतकी ऊर्जा खातं असं या क्षेत्रात नेहमी सांगितलं जातं. म्हणून हार्वर्डसारख्या विद्यापीठांनी काच खाली ओढा अशा मोहिमा चालवल्या. पण एक गोष्ट आधी तपासा, मोहीम सुरू करणारे बरेच गट इथेच चुकतात. हूड दोन प्रकारची असतात. एका प्रकारात काच खाली केली की हवेचा प्रवाह आपोआप कमी होतो, तिथे काच बंद करण्याने थेट बचत होते. दुसऱ्या, जुन्या प्रकारात काच उघडी असो की बंद, पंखा तेवढीच हवा ओढतो, तिथे काच बंद करणं सुरक्षेसाठी चांगलं आहे पण विजेत काहीच फरक पडत नाही. तुम्ही महिनाभर स्टिकर लावत फिराल आणि मीटर जागचं हलणार नाही, मग लोक म्हणणार यांचं काही खरं नाही. कुठलं हूड कुठल्या प्रकारचं ते लॅब टेक्निशियनला विचारा.

लॅबमध्येच उणे 80 अंशांवर चालणारे फ्रीझर असतात, त्यातला एक जुना असला तर एका घराएवढी वीज एकटा खाऊ शकतो. तो उणे 70 वर आणला तर वीज साधारण 30 टक्क्यांच्या आसपास वाचते, आणि बऱ्याच नमुन्यांना उणे 70 पुरतं, कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर कॅम्पसमध्ये कितीतरी लॅब असंच करतात. पण हे प्राध्यापकांवर लादायचं नाही. ज्यांचं दहा वर्षांचं काम त्या फ्रीझरमध्ये आहे त्यांची भीती खरी असते. आधी बर्फ खरवडून काढणं, यादी करणं, मालक नसलेले नमुने टाकून देणं इथून सुरुवात करा, कितीदा तर दोन फ्रीझरचा माल एकात बसतो आणि दुसरा बंदच करता येतो.

हॉस्टेलबद्दल तू विचारलंस की स्पर्धा घ्याव्यात का. घ्या, पण तिची मर्यादा ओळखून घ्या. अमेरिकेतल्या ओबर्लिन कॉलेजमध्ये 2005 साली हॉस्टेलांमध्ये दोन आठवड्यांची स्पर्धा झाली, विजेचा वापर 32 टक्क्यांनी उतरला. ज्या हॉस्टेलांना आपला वापर त्या-त्या क्षणी बारकाईने दिसत होता तिथे घट 55 टक्के, आणि ज्यांना मोघम आकडे मिळत होते तिथे 31. पाणी मात्र फक्त 3 टक्के. म्हणजे आकडा डोळ्यासमोर असला की माणूस बदलतो. पण स्पर्धा संपली की येरे माझ्या मागल्या होतं, हे मी स्वतः दोन वेळा बघितलंय, म्हणून स्पर्धेच्या त्या दोन आठवड्यांत जे कायमचं करता येईल ते करून घ्या, कॉरिडॉरला सेन्सर, गीझरला टायमर, गळक्या नळांची यादी. पाण्यासाठी सोपी युक्ती, फ्लशच्या टाकीत खाण्याचा रंग चार थेंब टाका आणि पंधरा-वीस मिनिटं कुणी फ्लश करू नका, भांड्यात रंग उतरला तर व्हॉल्व्ह गळतोय. एका मजल्याला एक संध्याकाळ लागते आणि प्लंबरच्या हातात तुम्ही थेट यादी ठेवता.

मेसमधल्या उष्ट्याचं मोजमाप आम्ही केलं ती आमच्या गटाची सगळ्यात चांगली गोष्ट होती असं मला आजही वाटतं. भाषण दिलं नाही. ताटं ठेवायच्या जागी वजनकाटा आणि पारदर्शक पिंप ठेवलं, जेवून येणारा प्रत्येकजण स्वतःच्या हाताने उष्टं त्यात टाकणार, आणि फळ्यावर रोजचा आकडा. तिसऱ्या दिवसापासून मुलं वाढपी काकांना 'अर्धंच द्या' म्हणायला लागली. काही ठिकाणी ट्रे काढून टाकले तर माणशी उष्टं 25 ते 30 टक्के कमी झालं, कारण एका फेरीत जास्त उचलताच येत नाही. मात्र ज्यांना चालायला त्रास आहे त्यांच्यासाठी ट्रे ठेवा. उरलेल्या ओल्या कचऱ्याचं खत करायचं असेल तर त्यात वाळलेला पालापाचोळा भरपूर घाला, नुसता ओला कचरा सडतो, वास येतो आणि पहिल्या तक्रारीला प्रकल्प बंद होतो. पाचोळा जाळायचाही थांबतो.

झाडांचं एवढंच सांगतो, किती लावली ते मोजू नका, तिसऱ्या उन्हाळ्यानंतर किती उरली ते मोजा, आणि माळीकाकांना विचारल्याशिवाय एकही खड्डा खणू नका.

सोलर नको असं माझं म्हणणं नाही, पण रात्रीचा फुकटचा लोड आधी कमी करा मग पॅनेलांचा हिशोब करा, आणि गच्ची पुढची पंचवीस वर्षं टिकणार आहे का तेही बघून घ्या. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाने 2000 साली केयुगा तलावाच्या तळाचं थंड पाणी वापरून कॅम्पस थंड करायला सुरुवात केली, फार सुंदर काम आहे, पण ते इंजिनिअर आणि विश्वस्तांचं काम. तुमच्या हातातलं वेगळं.

प्रशासनाचं 'बघू' हे बहुतेक वेळा पैशाचं असतं. तिथे फिरता निधी मागा. थोडी रक्कम एकदा बाजूला ठेवायची, त्यातून बचतीची कामं करायची, बिलात वाचलेले पैसे परत त्याच निधीत, मग पुढचं काम. हार्वर्डचा असा निधी 30 लाख डॉलरपासून सुरू होऊन पुढे 1 कोटी 20 लाखांपर्यंत गेला. रजिस्ट्रारकडे जाताना दोन पानं न्या, कुठलं मीटर, आधी किती, नंतर किती, खर्च किती महिन्यांत वसूल. आम्हाला जो होकार मिळाला तो त्या ब्लोअरच्या दोन बिलांमुळे मिळाला, त्याआधीच्या पाच निवेदनांचं उत्तरसुद्धा आलं नव्हतं.

मोठ्या घोषणेच्या मागे लागू नका. 1990 मध्ये तालोर जाहीरनाम्यावर, म्हणजे विद्यापीठांनी पर्यावरणासाठी काम करू अशा वचनावर, जगातल्या विद्यापीठप्रमुखांनी सह्या केल्या, दिशा मिळाली, ते महत्त्वाचंच होतं. पण कॅलिफोर्निया विद्यापीठाने 2013 साली 2025 पर्यंत कार्बन न्यूट्रल होऊ, म्हणजे जेवढा कार्बन सोडू तेवढा भरून काढू, म्हटलं आणि नंतर धोरण बदलून बाहेरून क्रेडिट, म्हणजे दुसऱ्याने कमी केलेल्या उत्सर्जनाचं श्रेय, विकत घेण्यापेक्षा स्वतःचं उत्सर्जन 2045 पर्यंत 2019 च्या तुलनेत 90 टक्के कमी करण्यावर भर दिला. मला तो बदल प्रामाणिक वाटतो. क्रेडिट विकत घेतल्याने तुमच्या बॉयलरमधून निघणारा धूर कमी होत नाही.

आणि गट का मरतो ते. आमचा मेला कारण आम्ही पास होऊन गेलो आणि सगळी माहिती आमच्या लॅपटॉपमध्ये गेली. विद्यार्थी तीन-चार वर्षं असतात, इलेक्ट्रिशियन, माळीकाका, टेक्निशियन वीस-वीस वर्षं. म्हणून वही त्यांच्याकडे ठेवा, खरोखरची कागदी वही, मीटररूममध्ये दोरीला बांधलेली, दर महिन्याला त्याच तारखेला आकडा. प्रत्येक कामाला एक कायमचा कर्मचारी आणि एक पहिल्या वर्षाचा विद्यार्थी अशी जोडी लावा. शेवटच्या वर्षाच्या मुलाला प्रमुख करू नका, त्याला शिकवायला ठेवा. आणि काम झालं की श्रेय कर्मचाऱ्यांच्या नावाने जाहीर करा, आम्ही फोटोत फक्त आमचेच चेहरे घेतले होते, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

मीटिंगला चार जण येतात म्हणतोस, तर चार पुरे. दोघं रात्रीच्या फेरीला, दोघं मेसच्या काट्याला. पहिल्या रात्रीचे आकडे हातात आले की इमारतवार क्षेत्रफळ आणि कुठे लॅब आहेत तेवढं लिहून पाठव, कुठे आधी हात घालायचा ते आपण मिळून बघू.