ट्रेंड वाचायला शिकताय? आधी एवढंच करा

एकदम वीस ट्रेंडांची, म्हणजे समाजात आणि बाजारात दीर्घकाळ चालणाऱ्या बदलांची, यादी घेऊन बसलात, की तिथेच गडबड होते. दोनच निवडा. त्यातला एक लोकसंख्येचा असू द्या. तो संथ असतो, पण सहसा फसवत नाही. जन्मदर बराच काळ स्त्रीमागे २.१ मुलांच्या खाली राहिला आणि बाहेरून फारशी माणसं आली नाहीत, की आधी शाळांचे वर्ग ओस पडतात, मग पेन्शनचा बोजा जाणवू लागतो. सरकारचं धोरण बदलतं आणि कंपन्याही ज्येष्ठांसाठी वस्तू काढू लागतात. मूळ एकच.

नवखे हमखास कुठे चुकतात?

- लाटेलाच प्रवाह समजतात. २०१६ मध्ये पोकेमॉन गो हा मोबाइल गेम जगभर गाजला. तो ज्वर काही महिन्यांत ओसरला. स्मार्टफोन मात्र हातातच राहिला.
- गूगल ट्रेंड्समधला (एखादा शब्द लोक कधी किती शोधतात ते दाखवणारं गूगलचं साधन) १०० हा आकडा म्हणजे शोधांची संख्या असं धरून चालतात. तो निवडलेल्या काळातला फक्त सर्वोच्च बिंदू. (मीही फसलोय!)
- कायद्याकडे बघतच नाहीत. खासगीपणाची काळजी वाढली, २०१८ मध्ये युरोपात जीडीपीआर हा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा लागू झाला आणि जाहिरातदारांना ग्राहकांची माहिती वापरायच्या पद्धती बदलाव्या लागल्या.

भाकितं, मॉडेलं, सांख्यिकी सध्या राहू द्या. महिनाभर साधी वही ठेवा: काय बदललं, कोणाचं, कशामुळे. पुढचं नंतर बोलू.