अजिंक्यताऱ्यावरचा 'ऱ्' जातो कुठे?

प्रश्न असा आला आहे: सहलीच्या पत्रकाचा मजकूर मोबाइलवर लिहिला तेव्हा 'अजिंक्यताऱ्यावर' व्यवस्थित दिसत होतं, छापून आलं ते 'अजिंक्यतार्यावर'. असं का? शिवाय टंकताना आधी खाली टिंब असलेला 'ऱ' उमटतो. तो तर शाळेत कुणी शिकवला नाही, मग तो चालेल का?

साताऱ्याच्या माणसाची या अक्षरातून सुटका नाही. गावाच्या नावाला प्रत्यय लावला की ते हजर. खाली कऱ्हाड आहेच, आणि मिरजेला गेलात तर तंबोऱ्याच्या तारा. हा रफार नव्हे. रफाराने आधीच्या अक्षरावर आघात येतो: 'दर्या' म्हणताना 'द' दाबला जातो, ठोसेघरच्या 'दऱ्या' म्हणताना नाही. 'आचार्यांना बोलवा' म्हटलं तर पाट मांडायचा, 'आचाऱ्यांना बोलवा' म्हटलं तर चूल पेटवायची.

युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरं साठवायच्या जागतिक मानकात, अक्षराचा आकार नव्हे, क्रमांक साठवतात. जोडाक्षर घडवायचं काम फॉन्टचं. र, हलन्त (पाय मोडायचं चिन्ह) आणि य ओळीने आले की रफार काढायचा, हे ठरलेलं. मग आपला आडवा अर्धा र मागायचा कसा? त्यासाठी शेजारचं घर वापरलं. साधा र ०९३० वर आहे, टिंबवाला ऱ ०९३१ वर. हा मुळात द्राविडी भाषांमधला वेगळा र देवनागरीत लिहिण्यासाठी ठेवलेला. पण त्याला हलन्त लावून पुढे य किंवा ह दिला की उमटतो तो आपला 'ऱ्'. १९९१च्या इस्की या भारतीय मानकातली ही सोय युनिकोडने तशीच ठेवली. 'ऱ्या' लिहून मागून एकेक खोडत या: काना जातो, य जातो, हलन्त जातो, आणि शेवटी टिंबवाला ऱ एकटा उरतो. टिंब कागदावर येतच नाही, तेव्हा शुद्धलेखनाला त्याची बाधा नाही.

दुसरीही एक वाट आहे: साधा र, हलन्त, मग शून्य रुंदीचं, न दिसणारं जोडचिन्ह आणि पुढे य. युनिकोडच्या २.० आवृत्तीशी जुळतं राहावं म्हणून ती चालू ठेवली आहे. दिसायला फरक नाही. पण काही सॉफ्टवेअर ते अदृश्य चिन्ह केर समजून झाडून टाकतात. मागे र, हलन्त, य उरतात आणि फॉन्ट इमानदारीत रफार काढतो. तुमच्या पत्रकाचं बहुधा हेच झालं. छापणाऱ्याला उगाच बोलू नका.

मला स्वतःला याचा फटका बसला तो एका वाचनालयाची सभासद-यादी लावताना. 'कऱ्हाड' शोधलं तर निम्मेच पत्ते सापडले. उरलेले डोळ्यांसमोर होते, पण त्यांत जोडचिन्ह दडलेलं. र आणि नुक्ता, म्हणजे खालचं टिंब, वेगवेगळे टंकले तरी युनिकोड त्यांना ऱ-शी समान मानतं. जोडचिन्हाच्या लेखनाला मात्र ही सवलत नाही. संगणकाच्या लेखी ती दोन गावं.

म्हणून माझं मत सरळ ०९३१च्या बाजूने. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून जे, मग शिफ्ट सोडून डी, मग य. जुन्या फायलीतला जोडचिन्हवाला तुकडा तिथूनच उचलून 'शोधा-बदला'च्या चौकटीत चिकटवा. हाताने टंकलात तर तो सापडणार नाही.