झुकलेल्या गाडीसाठी मुदत ठेव मोडावी का?

गाडीचा पुढचा डावा कोपरा उजव्यापेक्षा २५ मिलिमीटर खाली बसलाय, गॅरेजवाले चारही शॉकअप बदला म्हणतात. त्यासाठी मुदत ठेव मोडू की गाडीच विकून टाकू, असं तुम्ही विचारलंय. इतक्यात दोन्ही नको.

साध्या कॉइल स्प्रिंगच्या गाडीत वजन स्प्रिंग पेलते. शॉकअप फक्त तिची उसळी आवरतो. म्हणजे चारही शॉकअप नवे घालूनही गाडी झुकलेलीच राहणार, वर ठेवीचं काही व्याज बुडणार ते वेगळं.

आधी स्वतः मोजा. सपाट जागा, टायरमध्ये नेमून दिलेली हवा, डिकी रिकामी. गाडी जरा पुढे-मागे करा, कोपरे दाबून सोडा आणि चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत चारही मापं लिहून ठेवा. जमिनीपासून मोजलंत तर टायरची झीजही मापात शिरते. मागची मापंही हवीतच, कारण मागचा उजवा कोपरा बसला तरी पुढचा डावा वर उचलला जातो, उलटही घडतं.

मग फक्त तपासणीचे पैसे मोजा. कॉइल स्प्रिंग बहुधा तळाच्या वेढ्यात, ती टेकते त्या वाटीच्या आत गंजून तुटते, त्यामुळे टॉर्च मारून तिथे बघायला सांगा. स्टॅबिलायझर बारच्या (वळणावर गाडी कलू नये म्हणून डावी-उजवी बाजू जोडणारा दांडा) दोन्ही लिंक, म्हणजे त्याच्या टोकांच्या जोडकांड्या, सोडल्यावर गाडी समतल झाली तर दोष बारचा किंवा लिंकचा. नाही झाली, तर डावी-उजवी स्प्रिंग अदलाबदल करून पाहायची (काही मॉडेलमध्ये दोन्ही मुळातच वेगळ्या असतात, आधी पार्ट नंबर जुळवा). झुकाव उजवीकडे गेला तर स्प्रिंगच बसलीय. हे काम घरी करू नका; दाबलेली स्प्रिंग सुटली तर जीवावर बेतेल.

दोष स्प्रिंगचा निघाला तर पुढच्या दोन्ही बदला, एकच नको. त्याच मजुरीत वरचं माउंट (शॉकअप वर बॉडीला जिथे बसतो ती रबरी बैठक) आणि गळत असतील तर पुढचे शॉकअपही उरकून घ्या, शेवटी चाकांची अलाइनमेंट. बुशचे (सस्पेन्शनच्या सांध्यांतले रबरी तुकडे) बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच आवळायला सांगा. चाक लटकत असताना आवळले तर रबर पिळलेलं राहून लवकर फाटतं. एवढा खर्च आपत्कालीन निधीतून करा, ठेवीला हात लावू नका. कॉइल तुटलेली असेल तर दुरुस्तीपर्यंत गाडी चालवू नका, तिचं टोक टायर चिरू शकतं.

झुकाव डावीकडेच राहिला तर माउंट, सबफ्रेम (बॉडीखालची, सस्पेन्शन धरणारी चौकट) किंवा बॉडी तपासा. अपघाताने वाकलं असेल तर विमा कंपनीला कळवा; झिजेचे पैसे मोटार विमा सहसा देत नाही. गाडी विकायचा हिशेब तेव्हा मांडू, लेखी अंदाजपत्रक हातात आल्यावर.