पाऊस सारखाच पडतो, मग एका टेकडीवर साग आणि शेजारच्या टेकडीवर सालई असं का?

‘पाऊस तर सारखाच पडतो ना’ हेच वाक्य १९९८ पासून घरात ऐकतोय, म्हणून लिहायला बसलो.

आमचं वावर चंद्रपूर जिल्ह्यात नागभीडकडे, धानपट्ट्यात. तेव्हा सागाची हवा होती, जो तो वीस वर्षांत लखपती होणार होता. दादाने बोडीखालच्या (बोडी म्हणजे लहान तळं) बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या तुकड्यात, ४०० रोपं लावायची ठरवली. ती जमीन कन्हार, म्हणजे काळी चिकण. मी म्हटलं, दादा, इथं पळस आहे, येन (ऐन) आहे, पण आपोआप उगवलेला एक तरी साग दिसतो का? त्याने टेकडीकडे बोट केलं, "तिथं सागच साग आहे. तिथं काय पाणी वेगळं पडते?"

भादव्यात पानं पिवळी पडली. एक रोप धरून ओढलं तर जोर न लावता हातात आलं. सोटमूळ काळं, बोटांत साल निसटून आली, वास कुजल्या भाजीचा. खड्ड्यात वीतभर पाणी. लोक म्हणाले कीड. कसली कीड? मुळं गुदमरली होती.

आभाळातून किती पडतं यापेक्षा जमिनीत ते किती दिवस राहतं, खेळ त्यावर आहे. सागाला माती खोल हवी, पण पाणी निचरून जाणारं हवं. कन्हार पावसाळ्यात मुळांना हवा देत नाही आणि उन्हाळ्यात भेगाळते. येन ते सोसतो. सालई उघड्या खडकावर, बर्डीवर म्हणजे मुरमाड उंचवट्यावर उभी राहते, कारण तिथं बाकीच्यांचं भागत नाही. ती महिनोन्महिने पानांशिवाय काढते. दक्षिण-पश्चिमेच्या उतरणीवर दुपारचं ऊन, म्हणून ती आणखी कोरडी. खाली नाल्याला अर्जुन, जांभूळ, करंज. नुसते मिलिमीटर बघून झाडं ठरवणाऱ्यांच्या हातात सब्बल (पहार) द्यावी आणि दोन्हीकडे हातभर खणायला लावावं. लागवड करायची असेल तर आधी तिथं आपोआप काय उगवलंय ते बघा, मोठ्या भावाचं ऐकू नका.

आता, सगळं मातीवर ढकलता येत नाही. मध्य प्रदेशात पचमढीकडे वालुकाश्मावर सालवृक्ष आणि काळ्या खडकावर साग, तिथं खडकच बोलतो. वणवा, चराई, तोड यांनीही जंगल बदलतं. तुमच्या टेकडीवरचा साग ओळीत असेल तर तो लावलेला आहे, प्रश्नच मिटला. आणि पाणी धरणाऱ्या जमिनीची खूण म्हणून पळसावर मी तेव्हा फार विसंबलो होतो हे कबूल. तो मुरमावरही येतो, गुरं त्याला फारशी तोंड लावत नाहीत म्हणून टिकतो.

दादाचं म्हणणं अजून तेच, मी उन्हाळ्यात पाणी घातलं नाही. ४०० पैकी ११ साग जगले, अकराही धुऱ्यावरचे, म्हणजे उंच बांधावरचे, बांधीत एक नाही. त्यातल्याच एकाला बैल बांधतो आणि मी दिवाळीला गेलो की म्हणतो, "आला ना साग?"